चटणीतलं तिखट कुठून येतं

बोरगाव, निपाणी, कागल, इचलकरंजी या पट्ट्यात वर्षाची चटणी उन्हाळ्यात होते. तिखटपणाला संकेश्वरी किंवा घरची जवारी मिरची, रंगाला ब्याडगी, जोडीला वाळवून तळलेला कांदा, लसूण, खोबरं, धणे, तीळ. सगळं भाजून डंकावर कुटून आणायचं आणि बरणीत दाबून भरायचं. प्रमाण घरोघरी वेगळं असतं, तक्रार मात्र सगळीकडे एकच ऐकू येते: आता पूर्वीची चव राहिली नाही. कुणी त्याचा दोष हायब्रीड बियाण्याला देतं, कुणी युरियाला, कुणी बारमाही पाण्याला.

या तिन्ही उत्तरांत थोडंथोडं तथ्य आहे. पण मिरचीला लागू पडणारं उत्तर कांद्याला तसंच्या तसं लागू पडत नाही, आणि कांद्याचं उत्तर गुळाला. मिरचीचा तिखटपणा मुळात बियाण्यातून येतो. कांद्याचा झणका बियाणं आणि जमीन मिळून ठरवतात. गुळाला येणारी खारट चव तर थेट जमिनीचीच असते. म्हणून चटणीतला एकेक जिन्नस, आणि जोडीला या भागातली आणखी काही पिकं, हातात घेऊनच हे समजून घ्यायला हवं.

मिरचीपासून सुरुवात करू. लाल मिरची उभी चिरली की देठाखाली पांढरट गाभा दिसतो आणि त्याच्या शिरा सालीला चिकटून खाली उतरलेल्या असतात. बिया याच गाभ्याला लागलेल्या असतात. तिखटपणा तयार होतो तो या पांढऱ्या गाभ्यात आणि शिरांत, बियांत नाही. बिया तिखट लागतात, कारण शिरांच्या पृष्ठभागावर तिखट द्रवाचे बारीक फोड असतात आणि ते फुटले की द्रव बियांना माखतो. बिया झटकून टाकल्या आणि शिरा तशाच ठेवल्या, तर भाजी सौम्य होत नाही ती यामुळेच.

या द्रवातल्या मुख्य पदार्थाचं नाव कॅप्सायसिन. त्याच्या एका रेणूत कार्बनचे १८, हायड्रोजनचे २७, ऑक्सिजनचे ३ आणि नायट्रोजनचा १ अणू असतो. झाड तो दोन बाजूंनी बांधत आणतं. एक बाजू सुरू होते फिनाइलअ‍ॅलनिन या अमिनो आम्लापासून. त्यातून पायरी पायरीने व्हॅनिलाच्या वासाच्या घटकाशी जवळचं नातं असलेला एक तुकडा तयार होतो. दुसरी बाजू व्हॅलिन या अमिनो आम्लापासून निघते आणि तिच्यातून तेलासारखी एक लहान शेपटी बनते. हे दोन तुकडे जोडले की तिखट रेणू पूर्ण होतो. शेपटी तेलकट असल्यामुळे तो पाण्यात विरघळत नाही, तेलात मात्र सहज उतरतो. तांबड्या रश्शावरचा कट खालच्या पाण्यापेक्षा जास्त झोंबतो त्याचं कारण हेच.

शेवटचा सांधा जोडण्याच्या कामाशी 'पन-१' नावाचा जनुक निगडित आहे. ढोबळी मिरचीत या जनुकाच्या सुरुवातीचा मोठा तुकडा गळालेला आहे, हे २००५ साली दाखवलं गेलं. तुकडा गळाला, जोडकाम थांबलं, तिखट नाहीसं झालं. ढोबळी मिरचीला कुठलंही खत घाला, पाण्याचा कितीही ताण द्या, ती तिखट होणार नाही. जे यंत्रच मोडलं आहे त्याला कच्चा माल पुरवून काही होत नसतं. जमिनीच्या गुणांवर माझा पूर्ण विश्वास आहे, पण तिखट असणं आणि नसणं ही गोष्ट जमीन ठरवत नाही.

इथे शेतकऱ्यांच्या नेहमीच्या एका समजाकडेही पाहायला हवं. ढोबळीशेजारी लवंगी लावली तर ढोबळी तिखट होते, असं म्हणतात. त्या हंगामात तसं होत नाही. परागकण कुठल्याही झाडाचा असो, फळाची साल आणि पांढरा गाभा हे आईच्या झाडाचेच भाग असतात. बापाचा वाटा फक्त आतल्या बीमध्ये जातो. पण तेच बी धरून पुढच्या वर्षी लावलं, तर त्यातून उगवणारं झाड तिखट फळं देऊ शकतं, कारण जनुकाची चालू प्रत मोडक्या प्रतीवर भारी पडते. म्हणजे समजात तथ्य आहे, फक्त एका पिढीचा फरक आहे. जवारी मिरचीच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा ठरतो, त्याकडे शेवटी येतो.

रंगाचं काम पूर्ण वेगळं चालतं. मिरचीचा गडद तांबडा रंग कॅप्सँथिनचा. तो गाजराच्या आणि टोमॅटोच्या रंगांच्या कुळातला. त्याचे जनुक वेगळे, तो तयार होतो सालीत, गाभ्यात नाही. त्यामुळे फळ जितकं लाल तितकं तिखट, असा नियम नाही. हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी हे त्याचं ठळक उदाहरण: रंग गर्द, साल सुरकुतलेली, तिखट अगदी बेताचं. तिला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालं. निपाणीहून महामार्गाने दक्षिणेला गेलं की लागणाऱ्या संकेश्वरचं नाव ज्या मिरचीला मिळालं ती संकेश्वरी मात्र तिखटाला नावाजलेली. आपल्या भागातल्या बायकांनी या दोन मिरच्या एका चटणीत एकत्र आणल्या, तेव्हा एकीच्या सालीचा आणि दुसरीच्या गाभ्याचा गुण त्यांनी बरोबर ओळखला होता.

कॅप्सँथिनच्या रेणूत नायट्रोजन नाही, गंधक नाही. फक्त कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. म्हणजे त्याचा कच्चा माल हवेतून आणि पाण्यातून येतो, जमिनीतल्या अन्नद्रव्यांतून नाही. जमिनीचं काम पानं धडधाकट ठेवण्याचं. आणि एकदा मिरची वाळली की रंगाचे शत्रू ऊन, हवा आणि ओल. उन्हात महिनोन् महिने पडलेली मिरची फिकी होते, त्यात जमिनीचा काहीच दोष नसतो.

मग मिरचीच्या तिखटात जमिनीचा वाटा किती? जनुकाने यंत्र दिलं, ते किती जोरात चालेल हे बऱ्याच अंशी हंगाम आणि जमीन ठरवतात. फिनाइलअ‍ॅलनिनची गरज झाडाला अनेक ठिकाणी असते: प्रथिनांना, देठ-खोडाच्या काष्ठाला, तिखटाला. पाटाचं पाणी एकाच वेळी अनेक सऱ्यांत सोडावं तसं ते वाटलं जातं. एका सरीची तोंडं बुजली की दुसरीला जास्त मिळतं. फळं भरत असताना पाण्याचा थोडा ताण बसला, वाढ मंदावली, तर अनेक वाणांत तिखटाकडे जाणारा वाटा वाढलेला दिसतो. शिवाय फळ लहान राहतं, त्यामुळे ग्रॅममागे तिखट आणखी जास्त भरतं. पावसावर आलेली, माळाच्या हलक्या रानातली मिरची झोंबते आणि ठिबकवरची टपोरी मिरची तितकी झोंबत नाही, या अनुभवामागे हे दुहेरी कारण आहे. पण सगळे वाण ताणाला सारखा प्रतिसाद देत नाहीत, आणि ताण जास्त झाला तर फुलंच गळतात. तिखट वाढलं आणि मिरचीच उरली नाही, असा व्यवहार कुणाला परवडेल?

नत्राचं गणित अधिक नाजूक आहे. रेणूत नायट्रोजनचा अणू आहे आणि दोन्ही बाजूंची सुरुवात अमिनो आम्लांपासून होते, म्हणून नत्राची उपासमार झालेलं झाड तिखटही कमी करतं. पण भरपूर युरिया घातला म्हणून तिखट त्या मानाने वाढत नाही. जास्तीचं नत्र पानात, फांद्यांत आणि फळाच्या आकारात जातं. तोडणीची वेळही यात येते: तिखट साधारणपणे फळधारणेनंतर ४० ते ५० दिवसांच्या सुमारास सर्वांत जास्त असतं, पुढे फळातलीच काही विकरं ते हळूहळू मोडू लागतात.

नत्राचा खरा थेट परिणाम पाहायचा तर निपाणीच्या माणसाला लांब जावं लागत नाही; तंबाखू दारातच आहे. निपाणीत धारवाडच्या कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र विडीच्या तंबाखूवर काम करत आलं आहे. निकोटिनच्या रेणूत नायट्रोजनचे २ अणू असतात, आणि नत्र वाढवलं की पानातलं निकोटिन मिरचीच्या तिखटापेक्षा कितीतरी सरळपणे वाढतं. गंमत अशी की पानात साठणारं हे निकोटिन पानात तयारच होत नाही. ते मुळांत बनतं आणि पाण्याबरोबर वर चढतं. १९४२ साली रे डॉसन या अमेरिकी संशोधकाने टोमॅटोच्या मुळांवर तंबाखूचं कलम केलं, तर तंबाखूच्या पानांत निकोटिन जवळपास आलंच नाही. उलट तंबाखूच्या मुळांवर टोमॅटोचं कलम केलं, तर टोमॅटोच्या पानांत निकोटिन आलं. तंबाखूचा शेंडा खुडून फुटवे काढायची आपली जुनी रीत याच गोष्टीचा फायदा घेते: शेंडा गेला की मुळांना इजेचा इशारा पोचतो, निकोटिन वाढतं आणि ते राहिलेल्या मोजक्या पानांत साठतं. तंबाखूच्या आरोग्यावरील परिणामांबद्दल मला शंका नाही. पण मूळ, माती आणि पान यांचं नातं इतकं उघड दाखवणारं पीक या भागात दुसरं नाही.

आता कांदा आणि लसूण. माझ्या मते चटणीची चव बदलल्याच्या तक्रारीत सर्वांत कमी चर्चा होते ती इथे, आणि जमिनीचा सर्वांत मोठा वाटाही इथेच आहे.

अख्ख्या कांद्याला फारसा वास नसतो. त्याच्या पेशीत गंधकयुक्त अमिनो आम्लाचा साठा एका कप्प्यात असतो आणि त्याला फोडणारं अ‍ॅलिनेज नावाचं विकर दुसऱ्या कप्प्यात. विळीची धार लागली की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि काही सेकंदांत झणका उठतो. डोळ्यांत पाणी आणणारा वायू तयार करायला आणखी एक वेगळं विकर लागतं, ते २००२ साली जपानी संशोधकांनी शोधून काढलं. त्याआधी सगळं काम अ‍ॅलिनेजचंच मानलं जात होतं. लसणात साठा थोड्या वेगळ्या रेणूचा, त्याचं नाव अ‍ॅलिन. तो फुटला की अ‍ॅलिसिन होतं, जे चेस्टर कॅव्हॅलिटो यांनी १९४४ साली वेगळं काढलं. लसणात रडवणारं विकर नाही, म्हणून लसूण ठेचताना हात जळजळतात पण डोळे वाहत नाहीत. आणि विकर उष्णतेने मरतं: अख्खी पाकळी आधी तेलात तळली तर ती गोडसर लागते, आधी ठेचून मग तळली तर वास घरभर होतो. चटणीत लसूण कच्चा घालायचा की तळून, यावरून होणारे घरोघरचे वाद खरं तर या एका विकराचे वाद आहेत.

या सगळ्या रेणूंत गंधक आहे, आणि झाडाला गंधक मुख्यतः जमिनीतून, सल्फेटच्या रूपात मिळतं. आलेलं गंधक झाड आधी प्रथिनांकडे लावतं, कारण त्यावाचून वाढच होत नाही; उरलेलं चवीच्या साठ्यात जातं. गंधक अपुरं असेल तर कांदा दिसायला ठीक पोसतो, पण झणका घटतो. गंधक वाढवत नेलं तर झणकाही वाढतो, मात्र एका मर्यादेपर्यंत. ती मर्यादा वाण ठरवतो. पुढचं गंधक नुसतं सल्फेट म्हणून पडून राहतं. जनुक आणि जमीन यांची वाटणी कांद्याइतकी स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते.

अलिबागचा पांढरा कांदा हे याचं आपलं उदाहरण. त्याचा गोडवा आणि डोळ्यांत पाणी न आणणारा गुण प्रसिद्ध आहे, त्याला भौगोलिक मानांकनही आहे, आणि तिथल्या जमिनीत गंधक कमी असणं हे त्यामागच्या कारणांपैकी एक मानलं जातं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला विडेलिया कांदाही तसाच. तिथल्या रेताड जमिनीत सल्फेट टिकत नाही, पावसाबरोबर खाली निघून जातं. त्यावर सौम्य वाण लावला की कांदा फळासारखा कच्चा खाता येतो. १९८६ साली तिथल्या राज्याने कायदा करून हे नाव ठरावीक भागापुरतं राखून ठेवलं. पण चटणीला असा कांदा काय कामाचा? तिला झणका हवा. कोशिंबिरीचा कांदा आणि चटणीचा कांदा यांच्या जमिनीकडून असलेल्या अपेक्षा उलट्या आहेत.

आपल्या खतांच्या पोत्यांकडे या नजरेने पाहावं. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये सुमारे ११ टक्के गंधक असतं, अमोनियम सल्फेटमध्ये २३ ते २४ टक्के, जिप्सममध्ये १८ टक्क्यांच्या आसपास. युरियात आणि डीएपीत गंधक नसतं. पूर्वी स्फुरदासाठी सुपर फॉस्फेट घातलं की गंधक न मागता मिळायचं. पुढे वाहतुकीला सोयीची, जास्त तीव्रतेची खतं आली, नत्राला युरिया आणि स्फुरदाला डीएपी रूढ झालं, आणि फुकट मिळणारं गंधक बंद झालं. शेणखतही कमी झालं. जमिनीतलं बरंच गंधक सेंद्रिय पदार्थांतच बांधलेलं असतं आणि सूक्ष्मजीव ते सावकाश सोडतात. म्हणून 'रासायनिक खताने चव गेली' हे विधान मला ढोबळ वाटतं. अमोनियम सल्फेटही रासायनिकच आहे आणि ते कांद्याचा झणका वाढवतं. मुळांना सल्फेट शेणातून आलं की पोत्यातून, हे कळत नाही. फरक पडतो तो कुठलं द्रव्य, किती आणि केव्हा मिळालं याने. २०:२०:०:१३ या खताच्या पोत्यावरचा शेवटचा आकडा गंधकाचा असतो. कांदा-लसणाच्या शेतकऱ्याने तो आकडा आधी वाचावा.

गुळाचं सांगायला थोडं पुरेल. कृष्णा, पंचगंगा, दूधगंगेच्या काठच्या काळ्या रानांत वर्षानुवर्षं उसाला पाटाचं पाणी पाजून, निचरा न झाल्याने, कित्येक जमिनी क्षारपड झाल्या. तिथल्या उसाच्या रसात सोडियम आणि क्लोराइड जास्त उतरतात, आणि काहिलीत रस आटला की तेही आटून दाट होतात. असा गूळ खारवट लागतो आणि पावसाळ्यात पाझरतो. इथे झाडाने काही घडवलेलं नसतं. मातीतलं मीठच जिभेवर येतं. उशिरा घातलेल्या नत्राची गोष्ट वेगळी: त्याने रसात अमिनो आम्लं आणि साध्या साखरा वाढतात, उकळताना त्यांची आपसांत क्रिया होऊन गूळ काळपट होतो आणि नीट बसत नाही.

भाताबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती पाठ्यपुस्तकी समजाला धक्का देते. आजऱ्याच्या घनसाळ या सुवासिक भाताला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सुवासिक भाताच्या वासाचा मुख्य घटक २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलिन. तो १९८२ साली अमेरिकेत रॉन बटरी आणि सहकाऱ्यांनी ओळखला. बासमती आणि थायलंडच्या जास्मिन भातासह बऱ्याच सुवासिक भातांत हा वास येतो तो एक जनुक मोडल्यामुळे. 'बीएडीएच-२' नावाच्या जनुकातली ८ अक्षरं गळालेली असतात. जनुक चालू असता तर वासाचा कच्चा माल दुसरीकडे वळला असता. ढोबळीत जनुक मोडला आणि चव गेली, भातात मोडला आणि वास आला. पण मोडका जनुक असूनही दाणा भरताना रात्री गार नसतील तर वास कमी भरतो. घनसाळ खाली उष्ण भागात नेली की तशी दरवळत नाही, या अनुभवाशी हे जुळतं.

आता हे शेतात तपासायचं कसं? मृद आरोग्य पत्रिकेत १२ बाबी नोंदवलेल्या असतात आणि त्यांत गंधक असतं. उपलब्ध गंधक दहा लाख भागांत १० पेक्षा कमी असेल तर जमीन गंधकाला कमी धरतात. कांद्याचा एकच वाफा दोन भागांत वाटावा, बी एक, पाणी एक, नत्र एक. एका भागात लावणीपूर्वी जिप्सम, दुसऱ्यात नाही. काढणीनंतर दोन्हीकडचे कांदे ओळख न सांगता घरच्यांना चाखायला द्यावेत. खर्च नगण्य आहे, आणि उत्तर आपल्याच रानाचं मिळतं.

मिरचीच्या बाबतीत मात्र जमिनीआधी बियाण्याकडे लक्ष द्यावं, असं माझं ठाम मत आहे. संकेश्वरीचं क्षेत्र आक्रसलं आहे, आणि उरलेल्या शेतांच्या कडेला हायब्रीड मिरची उभी असते. मिरचीचं फूल स्वतःच्या परागावर फळतं, पण मधमाशा बराच पराग इकडून तिकडे नेतात. शेजारचा पराग यंदाच्या फळाची चव बिघडवत नाही, म्हणून मिसळ लक्षातच येत नाही. ती पुढच्या वर्षीच्या झाडांत उमटते. प्रमाणित बियाण्यासाठी मिरचीला २०० मीटर अंतर लागतं, पायाभूत बियाण्यासाठी ४००. लहान शेतकऱ्याला इतकं अंतर कुठून मिळणार? त्याने निवडक झाडांवर फुलं येण्याआधी मच्छरदाणीचं बारीक कापड घालावं, आत लागलेल्या फळांना दोरा बांधून खूण करावी आणि ती झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावीत. बी काढण्याआधी प्रत्येक झाडाचं एक फळ चिरून पांढरी शीर जिभेला लावून पाहावी. तिखट आणि वास जवारीशी जुळत नसेल तर त्या झाडाचं बी धरू नये. हे दरवर्षी केलं तर प्रत्येक पिढीत आतली मिसळ सुमारे निम्मी होत जाते, आणि चार-पाच हंगामांत वाण बराचसा एकसारखा होतो.